कार्यानुभवाच्या आठवणी गोड, पण पोरांच्या हातात पाना कधी?

रात्रीच्या पाळीची लाईट आली, मोटर उचलत नाही. फ्यूज गेला की स्टार्टर अडकला, हे सांगणारं घरात कोणी नाही. पोरगं बारावी सायन्स झालेलं, पण टेस्टर धरायला भितं. वायरमन येईपर्यंत लाईट जाते आणि पिकाची पाळी चुकते.

अशा वेळी पारावर विषय निघतोच, आमच्या वेळी शाळेत कार्यानुभवाचा तास होता. टकळीवर सूत, साच्यातले खडू, परसबागेतली मेथी. तालुक्याला तांत्रिक हायस्कूल असेल तर रंधा, करवत, कानससुद्धा.

आठवण खरी आहे, पण अर्धीच. बऱ्याच शाळांत कार्यानुभव म्हणजे पटांगण झाडणं आणि पाण्याची टाकी भरणं. बाजारातून आणलेलं तोरण दाखवलं तरी श्रेणी मिळायची. मुलांना हातोडी, मुलींना सुई. दहावीच्या टक्क्यांत विषय धरला जात नव्हता, म्हणून तो तास गणित-इंग्रजीवाले मागून घ्यायचे. पालकही गप्प बसायचे, कारण त्यांनाही टक्केच हवे होते.

अजून एक गोष्ट पारावर कोणी बोलत नाही. सुतारकी, लोहारकी, चांभारकी ज्यांच्या वाट्याला जन्मानं आली, त्यांनी पोरं शाळेत घातली ती त्यातून सुटायला. तिथंही फक्त त्यांच्याच पोरांना रंधा दिला तर राग येणारच. हाताचं काम शिकवायचं तर पाटलाच्या पोरालाही आणि मुलींनाही शिकवायला हवं.

विचार काही नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाची मांडणी केली. नंतर कोठारी आयोगानंही कार्यानुभव सुचवला. कागदावर सगळं होतं, पण जिथं कोणी चिकाटीनं केलं तिथंच ते टिकलं. शिरूर तालुक्यातलं पाबळ बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईची संशोधनातली नोकरी सोडून १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी. आठवड्यातला एक दिवस कामाचा. वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, स्वयंपाक-आरोग्य, सगळं मुलामुलींना सारखंच. शिकवायला गावातलेच कारागीर, आणि पोरं जे करतात ते गावाच्या उपयोगाचं काम. वेल्डिंग करताना वीज, उष्णता, मापं आपोआप समजतात, वेगळं पाठांतर लागत नाही.

आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायचं, असं म्हटलंय. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, हे उद्दिष्टही त्यातच. चांगलं आहे. पण दहा दिवसांत पान्याची ओळख होते, हात बसत नाही. आणि शाळेत हत्यारं नसतील, येणाऱ्या मिस्त्रीला रोज मिळणार नसेल, तर दहा दिवसांचे दहा फोटो निघतील आणि ग्रुपवर पडतील.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत पोषण आहार झाला की एवढं विचारता येईल : दप्तराविना दिवस कधी झाले, कोण मिस्त्री आला होता, त्याला पैसे कुठून दिले, आणि हत्यारांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?