कुलपाशी अडलेला हात

हिंगोली, वसमतच्या बाजारात पाच-सहा लिव्हरचं पितळी कुलूप सहज मिळतं. चोराला ते दाद देत नाही, आणि संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीलाही. किल्ली चिमटीत धरून पिळणं हे काम अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येतं, आणि म्हातारपणी तोच सांधा फार झिजतो.

उपाय साधा आहे. किल्ली जाड, लांब मुठीत बसवायची. चिमटीऐवजी पूर्ण पंजा कामाला येतो; मुठीचं टोक किल्लीच्या आसापासून 2 ऐवजी 10 सेंटिमीटरवर गेलं, की जोर पाचपट कमी लागतो. लाकडी पट्टी आणि दोन स्क्रू असले, तर गावचा सुतारही हे करून देईल.

राज्याच्या 2024 मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील गरजूंना एकरकमी 3,000 रुपये मिळतात. जाहिरातीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा दिसतो. हाताचं नाव नाही! ज्या हातांनी जन्मभर हळद काढली-निवडली, त्यांच्यासाठी ही मूठ यादीत ठळक छापावी आणि योजनेच्या सेनगाव-औंढ्यातल्या शिबिरांत ज्येष्ठांच्या किल्लीला जागेवरच बसवून द्यावी. खर्च किरकोळ आहे.