भीती केसाची, धोका धुळीचा

घरात कुत्रा आणला की शेजारीपाजारी पहिली सूचना करतात, "केस सांभाळा हो, पोटात गेला तर काही खरं नाही!" आणि त्याच घराच्या ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील पोपटाला आजोबा स्वतःच्या ओठांत शेंगदाणा धरून भरवतात, त्याचे मात्र सर्वांना कौतुक. दवाखान्यात बसून मी वर्षानुवर्षे हेच ऐकतो आहे. प्राण्यांविषयीची आपली भीती बहुधा भलत्याच जागी असते आणि जिथे सावध राहायला हवे तिथे आपण निर्धास्त असतो. एकाच छपराखाली कुत्रा आणि पोपट दोन्ही नांदत असतील, तर हा फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

आधी केसाविषयी. कुत्र्याचा एखादा केस पोटात गेला तर तो शौचावाटे निघून जातो. काळजी करायची ती जंतांच्या अंड्यांची. ही अंडी विष्ठेतून मातीत आणि मातीतून मुलांच्या हातावर येतात. पिलाला पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी जंताचे औषध देणे, अंगणातील विष्ठा रोज उचलणे आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, एवढ्याने हा प्रश्न बराचसा मिटतो.

कुत्र्याचा खरा धोका रेबीजचा. "आमचा पामेरियन एवढासा, घराबाहेरही जात नाही, त्याला कशाला लस?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. पण दार उघडे राहिले की हाच एवढासा कुत्रा रस्त्यावरच्या कुत्र्यांवर धावून जातो. पिलू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुन्हा, आणि पुढे दरवर्षी. यात सवलत नाही. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. मात्र चावल्यानंतर लगेच उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो. जखमेवर तिखट, चुना, हळद काहीही लावू नये. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. जुन्या लोकांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ साली बंद झाली. आता दंडात किंवा त्वचेत थोडीच इंजेक्शने घ्यावी लागतात. रक्त आले असेल तर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते, ते टाळू नये.

आता पोपटाकडे वळू. आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे रंगीत चिमुकले पक्षी बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातील बजरिगर असतात आणि तेही पोपटाच्याच कुळातले. या पक्ष्यांची विष्ठा वाळली की तिची भुकटी होते. पंखांतून बारीक कोंडा झडतो. पंखा लावला किंवा कोरडा झाडू मारला की ही धूळ खोलीभर उडते आणि श्वासाबरोबर थेट छातीत जाते.

माझ्याकडे एक सेवानिवृत्त शिक्षक आले होते. कोरडा खोकला, संध्याकाळची कणकण, जिना चढताना धाप. क्षयाच्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले, गुण नाही. घरच्यांनी ठरवून टाकले की हे कुत्र्याच्या केसांचे काम, आणि बिचाऱ्या कुत्र्याला गावी पाठवायची तयारी सुरू झाली. बोलताना कळले की लेकीकडे पंधरा दिवस राहिले तेव्हा त्यांना बरे वाटले होते आणि परत आल्यावर पुन्हा सुरू झाले. झोपायच्या खोलीत बजरिगरच्या सहा जोड्या होत्या आणि रोज सकाळी ते स्वतः पिंजरे कोरडेच झाडत होते. जिल्ह्याच्या ठिकाणी छातीचा स्कॅन झाला आणि तज्ज्ञांनी निदान पक्के केले : पक्ष्यांच्या धुळीच्या ॲलर्जीने फुप्फुसाला आलेली सूज. अशी सूज वर्षानुवर्षे राहिली तर फुप्फुस कायमचे कडक होते. पत्नीच्या निधनानंतर हे पक्षीच त्यांची सोबत होते. औषध लिहिणे सोपे होते; "पक्षी देऊन टाका" हे सांगणे जड गेले. पक्षी गेले, कुत्रा राहिला, आणि मास्तरांची धाप हळूहळू उतरली.

दुसरा आजार सिटॅकोसिस, म्हणजे पोपटांपासून होणारा जंतुसंसर्ग. तो क्वचित दिसतो, पण १९२९-३० साली परदेशी पोपटांच्या व्यापाराबरोबर तो अनेक देशांत पसरला होता. जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला ही त्याची लक्षणे. पेनिसिलीन गटाच्या औषधांनी तो हटत नाही; टेट्रासायक्लिन गटाच्या औषधांनी बरा होतो. म्हणूनच घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना कळणे महत्त्वाचे. आपण मधुमेह सांगतो, रक्तदाब सांगतो, पिंजरा मात्र कोणी सांगत नाही.

माझे काही व्यवसायबंधू सरसकट सल्ला देतात, "घरातले प्राणी आधी बाहेर काढा." मला ते पटत नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाला दिवसातून दोनदा चालायला लावणारा कुत्रा हा औषधाच्या गोळीपेक्षा कमी नाही. पण प्राणी पाळायचा तर शिस्तीने पाळावा, हेही तितकेच खरे.

पिंजरा स्वयंपाकघरात किंवा निजायच्या खोलीत नको. तो हवेशीर पडवीत, मांजराच्या आवाक्याबाहेर असावा. तळाशी वर्तमानपत्र घालावे, रोज आधी त्यावर पाणी शिंपडावे आणि मगच नाकाला रुमाल बांधून ते गुंडाळावे. ओठांनी भरवणे बंद. दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांनी पिंजरा साफ करू नये.

दोघांचेही एकमेकांपासून रक्षण करावे लागते. कुत्र्याची जागा पिंजऱ्याखाली नको, तो पडलेले दाणे विष्ठेसकट चाटतो. पक्षी बाहेर सोडायचा तेव्हा कुत्रा दुसऱ्या खोलीत. कितीही गरीब कुत्रा असला तरी फडफड दिसली की तोंड टाकतो, आणि दाताची लहानशी जखमही पक्ष्याच्या जिवावर बेतते. पक्ष्याचे फुप्फुस फार नाजूक. डासांच्या कॉइलचा धूर त्याला बाधतो आणि फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने तो तडकाफडकी मरू शकतो. उरलेले चॉकलेट दोघांनाही देऊ नये. कांदा आणि मनुका कुत्र्याला विषासमान आहेत.

शेवटी एक कडू गोष्ट. आपला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बाजारात आलेली पिले झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात आणि त्यांतली कित्येक वाटेतच मरतात. आपण घेतो म्हणून ती विकली जातात. आधीपासून घरात राघू असेल तर त्याला एकदम उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्याला पोट भरता येत नाही, वनविभागाला कळवा. आणि घरात कोणाचा खोकला तीन आठवड्यांवर लांबला, तर कुत्र्याला दोष देण्याआधी डॉक्टरांना पिंजऱ्याची माहिती द्या.