मेघांची नोंदवही खंडित होऊ नये

भारत आणि फ्रान्स यांनी मिळून घडविलेला ‘मेघा-ट्रॉपिक्स’ हा उपग्रह ७ मार्च २०२३ रोजी पॅसिफिक महासागरावरील वातावरणात उतरवून नष्ट करण्यात आला. कार्य संपलेल्या यंत्राचा कचरा अंतराळात राहू न देण्याची ही दक्षता स्तुत्य होय. परंतु त्याच्या कार्याचे पुढे काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

उष्ण कटिबंधातील पर्जन्य हा केवळ शेतीपाण्याचा विषय नाही. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी पुरतात. त्याची वाफ करण्यास मात्र आणखी सुमारे ५४० लागतात. समुद्रावरून उठणारे बाष्प अशीच उष्णता पोटात घेऊन निघते आणि ढगात त्याचे पाणी होताना ती मोकळी करते. मोसमी वाऱ्यांचे बळ बव्हंशी या उष्णतेचेच असते.

जमिनीवर पर्जन्यमापक बसविता येतात. अफाट सागरावर ते कोण बसविणार? ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह एका ठिकाणावरून दिवसात जेमतेम दोनदा जातो आणि गडगडाटी ढग तर काही तासांतच उगवून मावळतो. म्हणूनच १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या या उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी केवळ २० अंशांनी कललेली ठेवण्यात आली. त्यामुळे उष्ण कटिबंधावर त्याची दृष्टी दिवसातून अनेकदा फिरे. त्यावरील ‘मद्रास’ हे उपकरण पाऊस जोखण्यासाठी होते, ‘सॅफिर’ हवेतील बाष्प थराथराने मोजी, तर ‘स्कॅरॅब’ पृथ्वीकडून अवकाशात परतणाऱ्या ऊर्जेचा हिशेब ठेवी.

‘मद्रास’ जानेवारी २०१३ मध्येच बंद पडले. तेवढ्यावरून प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तीन वर्षांसाठी योजलेल्या या उपग्रहाने सुमारे दशकभर माहिती पुरविली. धडा निराळाच आहे. एका यंत्रावर विसंबलेली नोंद त्या यंत्राबरोबरच संपते.

मुंबईत कुलाबा येथे एकोणिसाव्या शतकापासून पाऊस मोजला जात आहे. त्या नोंदीचे मोल कोणा एका पावसाळ्यात नसून तिच्या सातत्यात आहे. आकाशातील निरीक्षणालाही हाच न्याय लावला पाहिजे. पर्जन्याचे चक्र खरोखर किती पालटते आहे, हे दहा वर्षांच्या आकड्यांवरून ठरत नाही. उड्डाणाच्या दिवशी अभिनंदनाचे ठराव सहज होतात. पहिला उपग्रह थकण्यापूर्वी दुसरा कक्षेत असावा, यासाठीची तरतूद मात्र निष्ठेने वर्षानुवर्षे करावी लागते. मोसमी पावसावर जगणाऱ्या देशाने तिला हौसेचा खर्च समजणे परवडणारे नाही.