व्यवसायोपचाराची उपेक्षा

अर्धांगवायूचा झटका आलेला कमावता माणूस रुग्णालयातून घरी परतला की वैद्यकशास्त्राचे काम संपले, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. कुटुंबाचा खरा प्रश्न मात्र तेथून सुरू होतो. सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, न्हाणीघरात तोल सावरणे, सही करणे, ही कामे त्याला जमेनाशी होतात. त्याचे वेतन थांबते आणि पुष्कळदा त्याच्या शुश्रूषेसाठी पत्नी वा मुलगी नोकरी सोडते. एका आजाराने दोन माणसांची कमाई बुडते, आणि त्यांपैकी दुसरी कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही.

हे परावलंबन कमी करणे हेच व्यवसायोपचाराचे कार्य होय. नावावरून हा नोकरी मिळवून देण्याचा किंवा हस्तकला शिकविण्याचा उपक्रम असावा असा ग्रह होतो. वस्तुतः येथे व्यवसाय म्हणजे माणसाचे दैनंदिन जीवनातील प्रत्येक सहेतुक काम. भौतिकोपचाराचा भर स्नायूंचे बळ व सांध्यांची हालचाल यांवर असतो, तर उरलेल्या बळातून नित्याची कामे कशी साधतील हे व्यवसायोपचार पाहतो. एका हाताने कपडे घालण्याची पद्धत, जाड मुठीचा चमचा, न्हाणीघरातील आधाराची दांडी, कचेरीतील मेजाची बदललेली उंची ही त्याची साधने. स्वमग्न बालकांना, हाताला इजा झालेल्या कामगारांना आणि मनोरुग्णांनाही त्याचा उपयोग होतो.

हे शास्त्र महाराष्ट्राला नवे नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू केले. १९५२ साली स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. तरीही, २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लक्ष दिव्यांगांची नोंद झालेल्या या देशात सुशिक्षितांनाही या उपचाराचे नाव अपरिचित वाटावे, ही खेदाची गोष्ट आहे.

अज्ञानाची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. वैद्यकीय सेवेचा ग्राहक तिचा दर्जा स्वतः पारखू शकत नाही, म्हणून तेथे केवळ बाजारावर विसंबता येत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले. यावरचा एक उपाय म्हणजे नोंदणी. महाराष्ट्राने २००२ च्या अधिनियमान्वये व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी राज्य परिषदेची तरतूद केली. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा यांची योजना केली; परंतु तिच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निर्देश द्यावे लागले.

तेव्हा उपचारकाला व्यवसायोपचारातील पदवी आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारणे यात कोणताही उद्धटपणा नाही. तो केवळ अवयव तपासतो की रुग्णाच्या घराची व कामाची चौकशी करतो, किती अवधीत कोणते काम साधावयाचे हे स्पष्ट सांगतो काय, हेही पाहावे. पूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून मात्र दूर राहणे श्रेयस्कर.

तथापि, नोंदणीने भोंदूगिरीला आळा बसेल; तालुक्याच्या गावी उपचारक पोहोचणार नाही. त्यासाठी जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत पदे निर्माण करून ती भरली पाहिजेत, आणि बहुतांशी रुग्णालयातील खाटेपुरते मर्यादित असलेले विमासंरक्षण घरी परतल्यानंतरच्या उपचारांनाही लागू झाले पाहिजे. यावर खर्च होईल हे खरे. परंतु उपचाराचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो, परावलंबनाचा दिसत नाही, एवढाच काय तो फरक. तो आज घराघरांतील स्त्रिया आपल्या श्रमांतून आणि सोडलेल्या नोकऱ्यांतून भरीत आहेत. तो मोजला गेला, तर व्यवसायोपचारावरील खर्चाला उधळपट्टी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.