आठवीनंतर भूक संपते काय?

दोस्तहो, दरसाल दहावीचा निकाल लागला की पेपरवाल्यांना झोपडपट्टी आठवते. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून कुणी नव्वद टक्के काढले की त्याचा पेढा खातानाचा फोटो छापतात. उरलेल्यांचं काय? जी पोरं पंचेचाळीसवर अडकली, जी नववीतच गळाली, त्यांच्याबद्दल सगळ्यांचा निवाडा तयार असतो. पोरगं आळशी. पोरगी मठ्ठ. डोक्यातच काही नाही. हा निवाडा मला मंजूर नाही.

सुरुवात पोटापासून करू. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच मिळते. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा तिथंच थांबतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही चौदाव्या वर्षी हात झटकतो. सहावी ते आठवीच्या पोराला सरकारी हिशेबानं दुपारी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. तेच पोरगं नववीत गेलं की शून्य. आणि वय कोणतं? हाडं लांबायचं, पोरींची पाळी बसायचं. शरीर जेव्हा सगळ्यात जास्त मागतं, तेव्हाच सरकार पातेलं उचलून नेतं.

याचा हिशेब सरकारच्याच कागदांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. मुलगे ३१ टक्के. रक्त कमी म्हणजे नुसता फिकट चेहरा नव्हे. दम लागतो, तिसऱ्या तासाला डोळे मिटतात, वाचलेलं टिकत नाही, उगाच रडू येतं. मास्तर फळ्यावरून वळतो आणि म्हणतो, "झोपायला येतेस काय शाळेत?" जिथं लोहाची गोळी द्यायची, तिथं प्रगतिपुस्तकात शेरा मिळतो.

दुसरीकडं जाडी पोरं. लोक म्हणतात, वस्तीत राहून ही कशी सुटली? खाऊन माजलीत! अरे, आईबाप पहाटेच कामावर. पोराच्या हातात दहाची नोट. दहाच्या नोटेत फळं येत नाहीत, वेफरचं पाकीट येतं. मैदान गाड्यांच्या पार्किंगनं खाल्लं. पोरीला तर अंधार पडला की उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. असल्या खाण्यानं अंग भरतं, रक्त भरत नाही. जादा वजन आणि कमी रक्त एकाच पोरीत नांदू शकतं.

मग वर्गात 'हत्ती', 'काडी', 'काळी'. त्यात आडनाव कळलं की 'सवलतवाले'. पोरगी पीटीच्या तासाला पोट दुखतंय म्हणते. डबा उघडत नाही. मग शाळाच चुकवते. गैरहजेरी वाढली की मार्क पडतात, मार्क पडले की घरात बोलणी, बोलण्यांनी झोप उडते. हे चाक पोटातून सुरू होवो, मनातून होवो, नाहीतर वर्गातून. फिरतं ते पोरांच्याच अंगावरून.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. साठ पोरांच्या वर्गात चार जण धरा. आपल्याकडं त्या चौघांना काय म्हणतात? नाटकं करतो. बाहेरचं झालंय. मग उतारा, अंगारा, बाबा. डॉक्टरचं नाव काढलं की, "आमचं पोरगं काय वेडं हाय काय?" २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला. सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. तरी आपण नाटकंच म्हणणार?

आता आपल्याच माणसांना दोन कडू शब्द. "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तुला काय धाड भरलीय?" हे वाक्य मी चाळीचाळीत ऐकतो. बाप हातातला झाडू सुटावा म्हणून रक्त आटवतो. त्याची घाई मला कळते. पण बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं. पोराच्या टाळक्यात हाणायला सोटा दिला नाही. ज्या माणसानं आपल्याला माणूस म्हणून उभं केलं, त्याच्याच नावानं पोराला टक्क्यांत मोजायचं, ही बेइमानी आहे.

मागायचं काय ते ठरवू. दुपारचं ताट बारावीपर्यंत पाहिजे. तामिळनाडू आणि कर्नाटकानं ते दहावीपर्यंत नेलंय, महाराष्ट्राच्या तिजोरीला काय झालं? वर्गासमोर वजन मोठ्यानं वाचून दाखवणं बंद झालं पाहिजे. आणि २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक शिकलेला समुपदेशक हवा. तुमच्या शाळेत तो कोण? पाच जण मिळून हेडमास्तरांकडं जा. विचारा. उत्तर लेखी घ्या.

तोवर आपल्या गल्लीत जो दोस्त गप्प झालाय, जेवण टाकलंय, कट्ट्यावर येईनासा झालाय, त्याच्या घरी आज जा. भाषण देऊ नका, ऐका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तो फोन लावेल तेव्हा शेजारी बसून राहा. मोर्चा उद्या काढू. हे काम आजचं आहे.

जय भीम!