गाव वसवलं, पण किल्ली कुणाकडे?



धुळ्याला किशोरवयीन मुलींचं शिबिर होतं. दुसऱ्या दिवशीच्या सत्राचा विषय आपला नेहमीचाच, 'माझं गाव कसं असावं?' कागद आणि रंगीत पेनं वाटून झाली. मुलींनी शाळा काढली, नळ काढले, रस्त्यावरचे दिवे काढले, संडास काढले. एका मुलीच्या कागदावर मात्र वेगळंच गाव होतं. मधोमध चौक, चारी बाजूंना सारख्या मापाचे प्लॉट, प्रत्येक प्लॉटवर मालकाचं नाव, एका कोपऱ्यात 'खजिना' आणि खाली रोजच्या कराचा आणि खर्चाचा हिशेब. विचारलं तर म्हणाली, "हे मनातलं गाव नाही, ताई. हे आहे. मी वसवलंय. मीच तिथली मेयर आहे."

भावाच्या कॉम्प्युटरवर ती जो खेळ खेळते, त्यातलं ते गाव होतं. आम्ही काहीजणी हसलो. ती हसली नाही. थोड्या वेळानं जवळ येऊन हळूच म्हणाली, "मी पोर शे हाई त्यास्ले माहीतच नही." तिच्या गावात ती मुलाच्या नावानं राहते.

त्या एका वाक्यामुळे हे संपादकीय लिहायला घेतलं आहे.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ. ऑनलाइन खेळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पैसे लावून खेळायची रमी येते आणि त्यापायी उद्ध्वस्त झालेली घरं येतात. तसल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. ही मुलगी खेळते तो प्रकार वेगळा. 'माइनक्राफ्ट' नावाच्या खेळात ठोकळ्यांनी जग बांधायचं असतं, आणि एकाच जगात शेकडो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी वावरू शकतात. काही ठिकाणी त्याला 'टाउनी' नावाची जोड दिलेली असते. तिथे खेळातलं ठरावीक नाणं भरलं की गाव स्थापन करता येतं. गावाला मेयर असतो, रहिवासी असतात, रहिवाशांकडून कर घेतला जातो. गाव चालवण्याचा खर्च दररोज खजिन्यातून वजा होतो. खजिना रिकामा झाला की गाव मोडतं. प्रत्येक प्लॉटवर चार हक्क ठरवावे लागतात : इथे कुणी बांधायचं, कुणी तोडायचं, दारं आणि कळी कुणी वापरायच्या, वस्तू कुणी हाताळायच्या. घरच्याला एक परवानगी, मित्राला दुसरी, परक्याला तिसरी.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुली मालकी, कर, अंदाजपत्रक आणि नागरिकत्व हे सगळं रोज हाताळताहेत. पंचायत राजच्या प्रशिक्षणात आपण दोन-दोन दिवस फळ्यावर जे शिकवतो, ते त्यांना खेळता खेळता उमगलं आहे. याकडे 'पोरीला मोबाइलचं वेड लागलं' एवढ्याच नजरेनं पाहणं आपल्याला परवडणारं नाही.

गावं वसवण्याचा प्रकार खानदेशला नवा नाही. आजचं धुळे हेच मुळात असं वसवलेलं शहर आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं धुळ्याला ठाणं केलं. मुंबई-आग्रा रस्त्यावरची सोयीची जागा त्यानं हेरली, आखीव रस्ते पाडले आणि व्यापारी, कारागीर येऊन राहावेत म्हणून घरासाठी जागा सवलतीनं दिल्या. अगदी खेळातल्यासारखंच : या, प्लॉट घ्या, घर बांधा, गाव मोठं करा. फरक एवढाच, की खेळात जमीन खरोखर रिकामी असते. खऱ्या जगात ती कधीच रिकामी नसते. त्याच काळात सातपुड्यातल्या भिल्लांना 'बंदोबस्ता'चा विषय ठरवलं गेलं, आणि ज्यांना प्लॉट मिळाले त्यांत बाईचं नाव कुठे असणार? नकाशा आखणारा, प्लॉट देणारा, प्लॉट घेणारा, सगळे पुरुषच. घर उभं राहिल्यावर ते सारवायला तेवढी बाई.

म्हणून खेळातल्या गावाकडे पाहताना आपण तीन प्रश्न विचारायचे. प्लॉट कुणाच्या नावावर? खजिन्याची किल्ली कुणाकडे? गावातून हाकलण्याचा अधिकार कुणाला?

हे प्रश्न आम्ही हवेतून आणलेले नाहीत. ते याच मातीतले आहेत. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात ग्रामपंचायतीवर सगळ्या बायाच निवडून आल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती तेव्हा झालेली नव्हती, ती १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आली. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनं १९८६ च्या चांदवड अधिवेशनापासून जे वारं उठवलं होतं, त्यातून हे घडलं. त्याच वेळी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम सुरू झाला. ज्या गावात किमान शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करून देतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. या कामातही विटनेर पुढे होतं.

या दोन गोष्टी एकाच गावात एकत्र घडल्या, याला अर्थ आहे. पंचायतीत खुर्ची मिळाली पण सातबाऱ्यावर नाव नाही, तर ती खुर्ची उसनी. सातबाऱ्यावर नाव आहे पण पंचायतीत आवाज नाही, तर ती जमीन कागदावरची. लक्ष्मीमुक्तीवर आपल्यापैकी अनेकींनी तेव्हा टीकाही केली होती. नवऱ्यानं उदार होऊन दिलं, तो हक्क कसा? ती टीका आजही खरी आहे. पण बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा उतारा हातात धरणं, ही गोष्टही तितकीच खरी. आपल्या शिबिरातल्या मुलीच्या नावावर खेळात प्लॉट आहे, तिच्या आईच्या नावावर खऱ्या शेतात एक गुंठाही नाही. तो प्लॉटसुद्धा मुलाच्या नावाखाली लपलेल्या मुलीचा.

ती का लपते, तेही पाहू. खेळात बोलण्याची सोय असते. मुलीचा आवाज ऐकला की शिव्या, घाणेरड्या मागण्या, फोटो पाठवण्याचे आग्रह सुरू होतात. हे या एका खेळाचं दुखणं नाही आणि आजचंही नाही. अमेरिकेत १९९० साली 'लॅम्डामू' नावाचं एक जग कॉम्प्युटरवर सुरू झालं. तिथे चित्रं नव्हती, नुसते शब्द. माणसं त्या शब्दांच्या घरात राहत, बोलत, खोल्या बांधत. ते चालवणाऱ्या तंत्रज्ञांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केलं, की यापुढे आम्ही फक्त यंत्र सांभाळू, तुमचे तंटे तुम्ही सोडवा. काही महिन्यांतच एका वापरकर्त्यानं एक युक्ती करून इतरांची पात्रं आपल्या ताब्यात घेतली आणि भर दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत, त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची वर्णनं उमटवली. ज्या बाईचं पात्र त्यानं वापरलं, ती घरी कॉम्प्युटरसमोर बसून रडली. पुष्कळांनी म्हटलं, नुसते शब्दच तर आहेत.

'नुसते शब्द'! हे आपण किती वेळा ऐकलं आहे? कॉलेजच्या गेटवर, बसस्टँडवर, पंचायतीच्या बैठकीत.

त्या जगात मग सभा भरली. सुमारे पावणेतीन तास वाद झाला, निर्णय झाला नाही. शेवटी एका तंत्रज्ञानं रात्री एकट्याच्या अधिकारात त्या माणसाला काढून टाकलं. तो पुढे दुसऱ्या नावानं परत आला. त्यानंतर तिथे अर्ज आणि मतदान यांची पद्धत बसवण्यात आली, रहिवाशांनी कायदे केले, तंटे चालवले. पण १९९६ साली तंत्रज्ञांनी कबूल केलं, की यंत्र ज्याच्या हातात आहे तो 'मी फक्त यंत्र सांभाळतो' असं म्हणू शकत नाही, आणि अधिकार पुन्हा आपल्याकडे घेतले.

यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, सत्ता सोडली असं जाहीर केल्यानं सत्ता सुटत नाही. किल्ली ज्याच्या खिशात, निर्णय त्याचा. दुसरी, अत्याचार झाल्यावर नियम शोधायला लागलं तर उशीर झालेला असतो. १९९४ साली जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचं आणि ब्लॅकमेलिंगचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा आपण हेच अनुभवलं. मोर्चे निघाले, खटले उभे राहिले, पण मुलींनी साक्षीला पुढे यायचं तर कुणाच्या भरवशावर? बरेच आरोपी पुढे सुटले. गावाच्या बदनामीची चर्चा अधिक झाली, मुलींच्या न्यायाची कमी. ज्या गावात न्याय मागण्याची वाट आधी बांधलेली नसते, तिथे मुलगी गप्प बसते, नाहीतर नाव बदलते. आपल्या शिबिरातल्या मुलीनं नाव बदललं आहे.

आता 'टाउनी'तल्या गावाची गंमत पाहा. तिथे मेयरची निवडणूक मुळात नसतेच. ज्यानं गाव वसवलं तो मेयर, आणि तो पद सोडून दुसऱ्याला देईपर्यंत मेयर. म्हणजे पाटीलकीच! २००३ साली सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स गॅलक्सीज' या खेळात मेयर मतदानानं निवडला जाई, ठरावीक मुदतीनं त्याला पुन्हा मतं मागावी लागत, रहिवासी कमी झाले की शहराचा दर्जा उतरे. लोकशाहीच्या दृष्टीनं हे पुष्कळ बरं. पण डिसेंबर २०११ मध्ये कंपनीनं खेळ बंद केला आणि लोकांनी वर्षानुवर्षं चालवलेली सगळी शहरं एका दिवसात नाहीशी झाली. मेयरच्या वर खेळ चालवणारा, त्याच्या वर कंपनी. मतदान खालच्या पायरीपर्यंतच.

ही उतरंड आपल्याला ओळखीची वाटते ना? सरपंच बाई, तिच्या वर सरपंचपती, त्याच्या वर पुढारी. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही आहे. तरी कितीतरी गावांत त्या सभेची वही घरपोच सह्यांना येते. आपल्या संस्थासंघटनांकडेही जरा पाहू या. बचत गट आपण वसवले, पण हिशेबाची वही कुणाचा नवरा लिहितो? मंडळ आपण स्थापन केलं, पण वीस वर्षं अध्यक्ष कोण? स्थापना करणं सोपं असतं. किल्ली दुसरीच्या हाती देणं अवघड. हा दोष आपलाही आहे, तो मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

मग काय करायचं? काही कार्यकर्त्यांचं मत आहे, की मुलींना या खेळांपासून लांब ठेवावं. त्यांची काळजी खोटी नाही. पण बंदीचा फटका कुणाला बसतो ते पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं दिसलं, बायांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होतं. मोबाइल काढून घ्यायचा तर तो मुलीच्याच हातून काढला जातो. मुलगा खेळतच राहतो, आणि उद्याची गावं, खेळातली आणि खरी, तोच वसवतो. संध्याकाळनंतर मुलीनं चौकात जाऊ नये म्हणणाऱ्यांशी आपण इतकी वर्षं भांडलो. चौक कॉम्प्युटरमधला झाला म्हणून आपली भूमिका बदलू नये.

आमचं म्हणणं असं. एक, किशोरींच्या शिबिरात या विषयाला एक सत्र द्यावं आणि ते मुलींनीच घ्यावं. आपण ऐकावं. दोन, ज्या गटांकडे कॉम्प्युटर आहेत, त्यांनी मुलींचं स्वतःचं गाव सुरू करून पाहावं. तिथे नियम आधी लिहावेत, तक्रार कुणाकडे करायची ते ठरवावं, मेयर दर तीन महिन्यांनी बदलावी आणि खजिन्याचा हिशेब सगळ्यांसमोर वाचावा. तीन, त्याच मुलींना पुढच्या महिला ग्रामसभेला न्यावं आणि ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक त्यांच्या हातात द्यावं. ज्यांना खजिना रिकामा झाला की गाव मोडतं हे कळतं, त्यांना पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कुठे गेला हे विचारायला फार शिकवावं लागणार नाही. आणि चार, त्रास झाला तर मुलीनं आधी आपल्याकडे यावं, एवढा विश्वास आपण कमवावा. मोबाइल हिसकावून तो मिळणार नाही.

शिबिर संपताना त्या मुलीनं आम्हाला विचारलं, "ताई, मी खरं नाव लावू का?" आम्ही लगेच 'हो' म्हणू शकलो नाही. 'हो' म्हणायचं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार, ते आधी सांगायला हवं होतं. विटनेरच्या बाया उभ्या राहिल्या तेव्हा त्या एकट्या नव्हत्या, पूर्ण पॅनेल बायांचं होतं. तिच्या गावात निदान पाच-सात मुली आपापल्या नावानं राहायला गेल्या, तर तिला एकटीला धाडस करावं लागणार नाही.

तिचा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवतो आहोत. तुमच्या गटातल्या मुलींशी बोला, त्या काय खेळतात, कोणत्या नावानं खेळतात ते विचारा आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांना जागा राखून ठेवली आहे.