आवाज येतो, चित्र नाही? फाइल डिलीट करू नका

आज कीड-रोगाबद्दल नाही, व्हिडिओबद्दल लिहितोय. पण गाडी येते भातावरच.

मागच्या ऑक्टोबरात भात निसवलेलं असताना खाचराच्या मधोमध गोल चट्टे दिसले, करपल्यासारखे. तुडतुड्यांचा संशय आला म्हणून चूड बाजूला सारून बुंध्याचा व्हिडिओ काढला. तीन तुकडे अ‍ॅपमध्ये जोडले, एक्स्पोर्ट केले आणि ओळखीच्या एका कृषी पदवीधर मुलाला डॉक्युमेंट म्हणून पाठवले. त्याच्या कंप्युटरवर माझा आवाज खणखणीत, "हे बघा, बुंध्याला बघा, किती आहेत!" आणि स्क्रीन काळी. तो म्हणाला, "काका, व्हिडिओ खराब झालाय, परत काढून पाठवा." दोन दिवस गेले. तुडतुडा काही दोन दिवस थांबत नाही.

व्हिडिओ खराब नव्हता. एमपी४ ही नुसती गोण आहे. गोण तीच, पण आत कर्जत-३ आहे की कर्जत-७, ते वरून कळत नाही. आत चित्र आणि आवाज वेगवेगळे बांधलेले असतात. आवाजाची गाठ बहुतेक सगळ्यांना सुटते. चित्राची जुनी पद्धत एच.२६४, २००३ ची, जवळपास सगळीकडे चालते. नवी एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३ ची. ती साधारण निम्म्या जागेत तेवढंच चित्र बसवते, म्हणून बऱ्याच फोनमध्ये आणि अ‍ॅपमध्ये ती चालू असते. विंडोजच्या अनेक कंप्युटरवर मात्र तिच्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं. ते नसलं की फक्त आवाज.

आधी व्हीएलसीमध्ये लावून बघा, ते फुकट आहे. चित्र दिसलं तर फाइल ठणठणीत. हँडब्रेकने एच.२६४ करून घ्या, किंवा अ‍ॅपमध्ये तोच पर्याय निवडून परत एक्स्पोर्ट करा. व्हीएलसीतही काळंच असेल तर एक्स्पोर्टच फसलंय, मूळ तुकडे शोधा. आणि ते तुकडे आपण जागा भरली म्हणून आधीच उडवलेले असतात! माझ्या चुलतभावाने काकांच्या शेवटच्या झोडणीचा व्हिडिओ असाच 'बिघडला' म्हणून काढून टाकला. ते आता कुठून आणायचं?

माझा राग फोनवाल्यांवर आहेच, जागा वाचवताना समोरच्याला दिसेल का हे ते सांगत नाहीत. पण सल्ला देणाऱ्या मित्रांनाही सांगणं आहे, "परत काढा" म्हणण्याआधी एकदा दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा. परत काढायला शेतकरी शेतात जाईपर्यंत चट्टा वाढलेला असतो.

दुसऱ्याला दाखवायचा व्हिडिओ असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' किंवा एचईव्हीसी आधीच बंद ठेवा. आयफोनवर कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल. मी बांधावर उभं राहूनच केलं, मिनिटही लागलं नाही.